नियम चौदावा

"पाच आणि सहा! आडवे पडले सगळे!" समोर रशियनांकडून खेळणाऱ्या ट्रेफरने फासे उचलले आणि गेथिनची पहिली रांग टेबलावरून गेली.

लढाई क्रिमियातल्या इंकरमनची, इंग्रज विरुद्ध रशियन, साल १८५४. रशियनांचे जथ्थे टेकडी चढत होते आणि गेथिनची दुसरी रांग संगिनी परजून त्यांना भिडली. चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, सभागृहातलं एक टेबल, त्यावर बोटाएवढी शिशाची माणसं. पण गेथिनला संगिनीला लागून बाहेर येणारी आतडी दिसत होती. बंदुकीच्या दस्त्यांनी कवट्या फुटत होत्या. पाय तुटलेला एकजण आईला हाका मारत होता, ट्रेफरने त्यालाही उचलून खोक्यात टाकलं.

खेळाचे नियम गेथिनच्या वडिलांनी, एमरिसने, घरी बसून लिहिलेले. आज त्यांची पहिली चाचणी. चाचणीत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा त्यांच्या युद्धखेळांच्या क्लबचा दंडक. कागदावर असेल तेवढ्यावरच खेळ चालला पाहिजे. म्हणून एमरिस खिडकीपाशी ओठ मिटून बसला होता. गेथिन अफगाणिस्तानातून परतल्यापासून घराबाहेर पडत नव्हता. बापाने अगदी हातापाया पडून त्याला इथवर आणलं होतं.

तिसरी रांगही कापली गेली. टेकडीवर उरला फक्त गेथिनचा घोड्यावरचा अधिकारी.

"याला कसं मारायचं?" गेथिनने विचारलं.

ट्रेफरने कागद डोळ्यांजवळ नेला. अख्ख्या वेल्समध्ये एवढा तोंडाळ माणूस सापडायचा नाही. "नियम चौदावा. अधिकारी मरत नाही. त्याला पुढची तुकडी द्यावी." तो खो खो हसला. "चैन आहे लेका तुझी! पोरं कापून घ्यायची आणि साहेबाने नवी मागवायची!"

अफगाणिस्तानात गेथिनच्या हाताखालचे सहाजण एका सकाळी मारले गेले होते. तो एकटा वाचला होता. पंधरा दिवसांत त्याला नवे सहाजण मिळाले होते.

त्याने ट्रेफरची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. ट्रेफरच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"सोड रे! मेलो!"

गेथिनने सोडलं आणि लाथेसरशी टेबल उलथवलं. रशियन, इंग्रज, टेकडी, सगळं फरशीवर.

"फाडून टाक तो नियम, डॅड! सगळे मेले, मग हाच का जगतो? लाज नाही वाटली लिहायला?"

एमरिस उठला. दंडक मोडावा की नाही, असा क्षणभर घुटमळला. मग त्याने मुलाचे रक्ताने माखलेले हात आपल्या हातांत घेतले.

"बाकीचे नियम मी पुस्तकांतून घेतले, बाळा," तो म्हणाला. "चौदावा तेवढा, तू तिकडे होतास तेव्हा रोज इथे गुडघे टेकून मागत होतो, तो."