प्रात्यक्षिकाचे गुण

प्रशिक्षण कॉलेजच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे भाऊंना नेमकं कानस हातात घेताना आठवलं आणि पहिलाच हात तिरका गेला.

पत्र उन्हाळ्यात आलं होतं. शिक्षक-प्रशिक्षणाला जागा राखून ठेवली आहे, फिटर अभ्यासक्रमाचा निकाल लागताच कळवावं. उत्तरात लिहिण्यासारखं काही हाती असायला हवं, म्हणून भाऊ थांबले होते.

नियम नवा होता. यापुढे वर्कशॉपात शिकवायचं तर दोन दाखले हवेत. आधी फिटरचा आणि मग त्याच्या जोरावर प्रशिक्षणाचा. नुसता अनुभव धरायचा नाही. भाऊंचं अर्धं आयुष्य गावातल्या तंत्रकॉलेजच्या वर्कशॉपात हंगामी म्हणून गेलं होतं, पण दाखला म्हणाल तर एकही नाही. वयाच्या अटीत ते जेमतेम या एका वर्षापुरते बसत होते. हे वर्ष हुकलं की हंगामीही सुटणार होतं.

फिटरच्या वर्गाचा अर्ज भरून घेतानाच तिथल्या हेडक्लार्कने त्यांना सावध केलं होतं.

"भाऊ, फिटरचा वर्ग आसपास दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे आपल्याच मास्तरांच्या हाताखाली बसावं लागणार. लेखीचे पेपर बाहेर जातात, पण प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्याच हातात. विचार करा."

"केलाय."

"सख्ख्या भाच्याला नापास केलंय त्यांनी. बहीण अजून बोलत नाही त्यांच्याशी."

"नाही बोलत," भाऊ म्हणाले आणि अर्जावर सही केली.

वर्ग सुरू झाला. हजेरीत मास्तर भाऊंचं नाव सगळ्यांत शेवटी घेत. भाऊ हळूच "हजर" म्हणत आणि पोरापोरींत खसखस पिके. मास्तर हसत नसत. भाऊही नाहीत. मुलं घरी गेली की भाऊ मागच्या व्हाइसवर लोखंडाचा तुकडा आवळत आणि खांदे भरून येईपर्यंत कानस चालवत. घासून झालेला तुकडा काटकोन तपासायच्या गुण्याला लावून बघत आणि बहुतेक वेळा भंगारच्या पेटीत टाकत.

घरी लेखीचा अभ्यास. धातूंचे गुणधर्म, कोष्टकं, व्याख्या. बायको शिलाईयंत्रावर बसून प्रश्न विचारायची आणि उत्तर चुकलं की पायडल थांबवायची.

"अहो, त्या मास्तरांना सांगा की, जरा माणसात या. या वयाच्या माणसाला कुणी एवढं पिळतं का?"

"सांगून उपयोग नाही."

"मग मी येते सांगायला."

"तुझं तर ते मुळीच ऐकत नाहीत."

"ते ठाऊक आहे मला," दाताने दोरा तोडत ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

भाऊ जन्मभर मागे मागे राहिलेले. चारचौघांत बोलायची वेळ आली की मागच्या रांगेत सरकायचे, चहाचा कपसुद्धा दुसऱ्याने उचलल्यावर उचलायचे. पण या वेळी त्यांनी कंबर कसली होती. लेखी परीक्षेत ते पास झाले, चांगल्या गुणांनी झाले. बायकोने त्या दिवशी यंत्रावर कापड घालून ठेवलं आणि प्रश्न विचारले नाहीत.

उरलं प्रात्यक्षिक. लोखंडाच्या एका तुकड्यात चौकोनी खाच करायची आणि दुसरा तुकडा तिच्यात चपखल बसवायचा. मग जोड खिडकीसमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला नाही तर पास, दिसला तर नापास. मधलं काही मास्तरांना मान्य नव्हतं.

भाऊंनी सकाळपासून काम केलं. मान वर केली नाही. वेळ संपायच्या बराच आधी तुकडा खाचेत बसला. त्यांनी जोड खिडकीसमोर धरला. चारही बाजूंनी काळोख. त्यांनी घाम पुसला.

मग शंका आली. एका कोपऱ्यात किंचित घट्ट लागतंय का? मास्तरांना ते आवडणार नाही. आणखी एकच हात मारावा का?

एक हात जास्त मारावासा वाटला की कानस खाली ठेवा, असं मास्तर दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगत. भाऊंना ते तोंडपाठ होतं.

त्यांनी तो हात मारला.

जोड पुन्हा खिडकीसमोर धरला तेव्हा कोपऱ्यात केसाएवढी पांढरी रेघ होती.

ऑफिसात हेडक्लार्क वाटच पाहत होता. त्याने जोड घेतला, चष्म्यातून पाहिला, चष्मा काढून पाहिला.

"मास्तरांनी बघितला?"

"बघितला."

"काय म्हणाले?"

"उजेड दिसतो."

"मला तर काही दिसत नाही."

"मास्तरांना दिसतो."

हेडक्लार्कने दार लोटून घेतलं. "भाऊ, ऐका माझं. घरी जा, पोटभर जेवा. मास्तरांना उद्या सावकाश परत एकदा बघू द्या. रात्रीतून माणसाचं मन बदलतं."

"मास्तर एकदाच बघतात."

"अहो, जागा जाईल! वय निघून जाईल! वहिनींना काय सांगणार?"

"तिला मास्तर ठाऊक आहेत," भाऊ म्हणाले आणि त्यांनी पेन मागितलं.

पत्राचं उत्तर त्यांनी तिथेच उभ्याने लिहिलं. उमेदवार प्रात्यक्षिकात नापास झाला आहे, राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. हेडक्लार्कने निकालपत्रक पुढे सरकवलं.

भाऊंनी त्यावर उमेदवाराच्या जागी सही केली, खाली वर्गाच्या मास्तरांच्या जागी तीच सही पुन्हा केली, आणि बाहेर जाऊन पाकीट टपालपेटीत टाकलं.