अर्धा तास

चिमीला टीव्ही दाखवू नका, हे मीच सांगितलं होतं. अडीच वर्षांची माझी नात घास गालात धरून कार्टून पाहत बसते, ते मला बघवेना. "शैलेंद्र, पोरीला लत लागून जाईल. बिल्कुल बंद करा," असं मी इथे उज्जैनला बसून मुलाला रोज बजावायची. तो बेंगळूरूहून नुसता हसायचा.

शेवटी सुनेने ऐकलं. "आई, आजपासून दिवसाला फक्त अर्धा तास टीव्ही," अश्लेषा म्हणाली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता चिमीचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही, तेव्हा मीच फोन लावला.

"अहो आई, तुम्ही मोठ्या दिसाव्यात म्हणून तुमचा कॉल आम्ही टीव्हीवरच लावतो ना! मग तोही अर्ध्या तासातच धरला. रोज तिला विचारतो, आजी की कार्टून?"

"बराबर आहे," मी म्हणाले.


आज अकरावा दिवस. चिमी अजून कार्टूनच म्हणते आहे.