पहिली सुरी

अख्खा भोपळा आधी गड्यानं फोडायचा, मगच बाईनं चिरायचा, ही रेवणप्पांच्या घरची रीत. मुलगा येडशीला ड्यूटीवर गेलेला. सून शिवानीनं भोपळा आणून सासऱ्यांपुढं ठेवला. लकवा मारल्यापासून त्यांना घरातलं एकही काम कुणी सांगितलं नव्हतं.

“मला कुठलं जमतंय आता?”

“तुमीच फोडा, अप्पा. मी कशी लावू सुरी?”

थरथरत्या हातानं त्यांनी सुरी टेकवली, जरासा जोर दिला आणि भोपळ्याची दोन शकलं झाली.

“बघा, हाय की ताकद!” म्हणत शिवानी चुलीकडं वळली.

रेवणप्पांनी एक शकल हातात घेऊन पाहिलं. बुडाकडची चीर आधीचीच होती. तिच्यावरचा चीक सुकलासुद्धा होता.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “पुढल्या खेपंला जरा कमी चिरून आण. जमंल मला.”