सातव्या घरातला मंगळ

"गुरुजी आज आपल्या घरी प्रथमच येत आहेत," असे प्रभाकररावांनी मुलीला, ऋचाला, दोनदा बजावले. तिने स्वतः निवडलेल्या निरंजनशी पत्रिका जुळते का, हे गुरुजी तटस्थपणे ठरवणार होते.

"ताई, पत्रिका टॅबवर बघू. तेवढा वायफायचा पासवर्ड टाका," गुरुजी म्हणाले. ऋचाने टॅब घेतला. घरच्या वायफायचा पासवर्ड त्यात आधीच जतन केलेला होता. तोही तिने रविवारी बदललेला, नवा. सोमवारपासून कालपर्यंत ती चाकणच्या कंपनीत दिवसपाळीला होती. तिने टॅब परत दिला.

"मंगळ सातव्या घरात आहे. हे लग्न होणे नाही," गुरुजींनी निर्णय दिला.



"मंगळाचे राहू द्या, गुरुजी," ऋचा म्हणाली. "मी कामावर असताना तुम्ही या घरात कधी येऊन गेलात, ते सांगा. आणि बाबांना घेऊन लग्नाला या."