शनिवारची तहान

दंडात दारूची इच्छा मारणारा मणी बसवल्यापासून यशवंत दुधाणेला तिची आठवणही झाली नव्हती. आज आरोग्य केंद्रात डॉ. मृणाल खरात यंत्राने तो मणी तपासत होत्या, तेव्हा मण्याच्या संशोधनाला निधी देणाऱ्या मद्यकंपनीचे अधिकारी गोडांबे शेजारी येऊन बसले.

"इच्छा पुरती मारू नका, डॉक्टर. शनिवारपुरती जागी होऊ द्या. माणसाला चार लोकांत बसता आलं पाहिजे."

"आणि नाही केलं तर?"

"तर निधी बंद."

बोलता बोलता गोडांबेंचा दंड डॉक्टरांच्या यंत्राजवळ आला आणि यंत्र वाजलं. त्यांच्याही दंडात मणी होता. पडद्यावर अक्षरं उमटली: इच्छा शून्य, सातही दिवस.

यशवंतने त्यांच्याकडे उष्ट्या पत्रावळीकडे पाहावं तसं पाहिलं. "मग साहेब, तुम्ही चार लोकांत कसे बसता?"

गोडांबे उठून आपली बॅग आवरू लागले. डॉक्टरांनी यशवंतचा मणी कायमचा शून्यावर ठेवला. मग बाहेर जाऊन, नवऱ्यांना मणी बसवायला घेऊन आलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं, की आता मणी मिळणार नाहीत, आणि ते कुणामुळे.

गोडांबेंची गाडी फाटकापाशी होती. तिथवर त्यांना त्या बायकांमधूनच जावं लागलं.