पेटी आधी रुफिना उघडते

"यंदा ही पेटी सगळ्यांसमोर फुटणार," असं म्हणून पुरिंग सरळ पेटीवरच बसली.

"ऊठ आधी. खायच्या वस्तू आहेत आत. चुरा होईल."

"होऊ दे. निदान चुरा तरी माझ्या वाट्याला येईल."

रुफिना हसली नाही. सकाळीच ती बसस्टँडवर जाऊन पेटी घेऊन आली होती. जपानहून बोटीने मनिलाला, तिथून रात्रीच्या बसने सोर्सोगोनला, अशी पेटीची वाट मुलीने, रोवेनाने, पहिल्याच वर्षी समजावून सांगितली होती. ट्रायसिकलवाला हात लावायला पुढे आला, तर रुफिनाने त्याला थांबवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांवर पेटी घेऊन घरापर्यंत आली.

उद्या सांतो निन्योचा, बाळ येशूचा उत्सव. घराघराची दारं उघडी, येईल त्याला ताट. पान्सितच्या शेवया आणि डुकराचं मटण सगळीकडेच असतं. पण रुफिनाकडे लोक येत ते टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या थाळीसाठी. समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, खारवलेली आलुबुखारं, सुकवलेल्या माकुळाच्या पट्ट्या, गोड सारणाची मऊ मोची. गेल्या वर्षी फादरनी तिखट हिरवे वाटाणे मूठभर तोंडात टाकले होते. डोळे पुसत ते म्हणाले होते, "आत्ता मला माझी पापं आठवली." वर्षभर गाव त्यावर हसलं होतं.

आणि हसताना प्रत्येक जण म्हणायचा, रोवेनाने जपानहून पाठवलंय. रुफिनाला तेवढंच हवं असायचं. पोर सात वर्षांत एकदाही घरी आली नव्हती. निदान तिचं नाव तरी घरात, चारचौघांत, मानाने घेतलं जावं.

"मोची आहे ना?" पुरिंगने पेटीवर टकटक केलं. "आपलं तांदळाच्या पिठाचं पालितावच ते. फक्त कॉलेज शिकून आलेलं."

"आहे."

"आणि ते हिरव्या चहाचं चॉकलेट मला देऊ नकोस. कारल्याला साखर फासून फसवतात मेले."

"गेल्या वर्षी पाच खाल्लीस."

"खात्री करून घेत होते." पुरिंग उठली, स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली. "चल, काप चिकटपट्टी."

रुफिनाने सुरी तिच्या हातातून काढून घेतली. "उद्या थाळीत बघ."

"दरवर्षी हेच. दार लावून एकटी उघडतेस. चांगलं चांगलं आधी काढून ठेवतेस. गावात बोलतात वहिनी, मी ऐकून घेते."

"काय बोलतात?"

"मुलगी मन मोठं करून पाठवते, आई मूठ आवळून वाटते."

रुफिनाने सुरी टेबलावर ठेवली. "बोलू दे."

"माझ्या भावाची पोर आहे ती. तो गेला तेव्हा बारा वर्षांची होती. मी तिची वेणी घालून शाळेत पाठवलीय. माझा एवढाही हक्क नाही?"

"आहे. सगळा आहे. पण पेटी मीच उघडणार."

पुरिंगने आपली पिशवी उचलली. "मग उद्याच्या पान्सितचं तूच बघ. मी काही येत नाही."

भाऊ गेल्यापासून दर उत्सवाला या घरातलं पान्सित पुरिंगच करत होती. फाटकापर्यंत ती सावकाश गेली. हाक येईल म्हणून तिथे उगाच चप्पल नीट करत उभी राहिली. रुफिनाच्या ओठांवर हाक आलीही होती. ती आत वळली, दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला.

चिकटपट्टी कापून झाली तोच फोन वाजला.

"मिळाली का गं पेटी?" रोवेनाचा आवाज दमलेला होता.

"मिळाली. अगदी धड आहे सगळं."

"आत्याला शेवाळाच्या चकत्या दोन पाकिटं जास्त दे. तिला आवडतात."

"देते." रुफिनाने ती दोन पाकिटं वेगळी काढून बाजूला ठेवली. "जेवलीस?"

"हो. इथे काल बर्फ पडला, आई. खिडकीपर्यंत."

"पायात जाड मोजे घाल. तुला लहानपणापासून पायांनी सर्दी होते."

"घातलेत." मागून कुणीतरी हाक मारली. रोवेनाने घाईने काहीतरी उत्तर दिलं. "आई, ठेवू का? कामावर आहे."

"रोवेना, यंदा नाताळला तरी ये."

"बघते."

"काही आणू नकोस. नुसती ये."

"रिकाम्या हातांनी कशी येऊ? आत्या फाटकातच पिशव्या मोजेल."

"मोजू दे. मी आहे ना."

मग रोवेना म्हणाली, "फादरना वाटाणे कमी दे." दोघी हसल्या आणि फोन बंद झाला.

रुफिनाने चष्मा लावला. एकेक पाकीट पेटीतून काढून ती उजेडात धरू लागली, पुढून, मागून, घडीच्या आतून. बाजूला ठेवलेल्या त्या दोन पाकिटांचीही तिने तशीच तपासणी केली. पोर सगळी पाकिटं नीट साफ करूनच पाठवायची, पण दमलेल्या माणसाच्या नजरेतून दर खेपेला एखादं सुटायचंच.

यंदा ते मोचीच्या चौथ्या डब्याच्या तळाशी सापडलं. छोटं पांढरं लेबल, त्यावर मनिलातल्या क्विआपो बाजारातल्या एका दुकानाचं नाव आणि खाली निळ्या पेनाने, रोवेनाच्या अक्षरात, पेसोंमधली किंमत. रुफिनाने त्यावर खोबरेल तेलाचा थेंब सोडला, तो मुरेपर्यंत वाट पाहिली आणि मग नखाने, कागद फाटू न देता, ते हळूहळू सोडवायला घेतलं.