पाठमोरी

पडद्यावर अठराव्या शतकातलं पॅरिस होतं. बंदी घातलेली पुस्तकं छापणारी एक विधवा न्यायाधीशासमोर उभी होती, आणि काचेच्या बंद खोलीत शालनताई माइकसमोर. त्या विधवेला मराठीत बोलकं करायचं काम त्यांचं होतं.

न्यायाधीश गरजला, "माफी माग, सुटशील." विधवेने ओठ घट्ट मिटले. मग ती वळली आणि तुरुंगाकडे चालू लागली.

"इथे 'चुकले, माफी असावी' टाका," हेडफोनमध्ये डबिंग दिग्दर्शक पराडकर म्हणाले. "चॅनेलला वाद नकोय. पाठमोरी आहे, ओठ दिसत नाहीत. कोणाला कळणार?"

खोटं नव्हतं ते. पाठमोऱ्या बायकांच्या तोंडी काहीबाही घालण्यातच शालनताईंचा जन्म गेला होता. कुणाला त्यांनी हुंदका दिला होता, कुणाला देवाचा धावा. पण ही बाई चालली होती ती मान ताठ ठेवून. टेक सुरू झाला तरी शालनताई गप्पच राहिल्या.

"ताई, पाठ आली की!"

"बघतेय ना. माफी मागणाऱ्या बाईची पाठ अशी असते का हो?"

"तुम्ही फक्त बोलायचं. नाहीतर मी दुसरा आवाज बोलावतो."

शालनताई घोटभर पाणी प्यायल्या. "बरं. लावा."

विधवा पुन्हा वळली. शालनताई माइकजवळ सरकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुटले की पुन्हा छापीन!"

हेडफोनमध्ये पराडकर ओरडले, "अहो, हे काय बोललात?"

"का? ओठ कुठे दिसतायत?"